नागरिकत्वाच्या अर्जातील पूर्ववृत्त

एखाद्या देशाचे नागरिकत्व मिळविण्यासाठी किंवा ते आपणांस आहे असे सिद्ध करण्यासाठी केलेल्या अर्जात अर्जदाराचा जन्म, मातापिता, पूर्वीचे राष्ट्रीयत्व, वास्तव्य, प्रवास, अपराध, संस्थांचे सभासदत्व इत्यादींविषयी जी माहिती मागविली जाते, तीस स्थूलमानाने अर्जदाराचे पूर्ववृत्त म्हणतात. ही माहिती शपथेवर किंवा प्रतिज्ञापूर्वक द्यावी लागते आणि ती असत्य ठरल्यास शिक्षेची तसेच मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद बहुतेक देशांच्या कायद्यांत असते. वरवर पाहता हे प्रश्न स्मरणाचे वाटतात. परंतु त्यांपैकी अनेकांचे उत्तर राज्यांच्या सीमा, सत्तांतरे आणि कायद्यातील फेरबदल यांवर अवलंबून असते. त्यामुळे प्रामाणिक अर्जदारही संभ्रमात पडतो. विसाव्या शतकात भारतात व भारतीयांच्या संबंधात परदेशांत जे खटले झाले, त्यांतून या प्रश्नांचे स्वरूप हळूहळू स्पष्ट होत गेले.

प्रश्नांचे प्रकार : पूर्ववृत्तविषयक प्रश्नांचे तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग वर्णनाचा : ‘राष्ट्रीयत्व कोणते?’, ‘जन्म कोठे झाला?’ यांसारखे प्रश्न. यांच्या उत्तराने अर्जदार स्वतःचे वर्णन करतो. पण केवळ त्या वर्णनाने त्याचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. दुसरा वर्ग निवडीचा : सत्तांतरानंतर विशिष्ट मुदतीत ‘पूर्वीचे नागरिकत्व ठेवू इच्छिता काय?’ असे विचारले जाते, तेव्हा उत्तर हेच कायदेशीर कृत्य असते व ते देणाऱ्यास बंधनकारक होते. तिसरा वर्ग प्रकटीकरणाचा : पूर्वीची अटक, शिक्षा, अन्य देशाचे पारपत्र, अन्य नावे इत्यादी. येथे वस्तुस्थिती दडविणे हाच दोष ठरतो. अर्जाच्या कागदावर हे तिन्ही प्रकार एकाच छापाच्या रकान्यांत येतात. त्यांचे परिणाम मात्र परस्परांहून अत्यंत भिन्न असतात.

भारतातील पार्श्वभूमी : भारतीय संविधानाचे नागरिकत्वविषयक अनुच्छेद ५ ते ९ हे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अंमलात आले. अनुच्छेद ५ मध्ये अधिवास ही मुख्य कसोटी होती. पाकिस्तानातून आलेल्यांच्या बाबतीत अनुच्छेद ६ ने १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक ठरविली. त्या दिवशी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धती सुरू झाली होती. त्यापूर्वी आलेल्यांना सामान्य वास्तव्य पुरेसे होते. त्या दिवशी वा नंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी करून घ्यावी लागे आणि अर्जापूर्वी किमान सहा महिन्यांचे वास्तव्य दाखवावे लागे. फाळणीच्या धामधुमीत घर सोडलेल्या कुटुंबास सीमा नेमकी कोणत्या दिवशी ओलांडली हे सांगणे सोपे नव्हते. तथापि त्या एका तारखेवर पुष्कळ काही अवलंबून होते.

पुढे नागरिकत्व अधिनियम, १९५५ हा ३० डिसेंबर १९५५ पासून लागू झाला. जन्म, वंश, नोंदणी, नागरिकीकरण आणि प्रदेशाचे सामीलीकरण असे नागरिकत्वाचे पाच मार्ग त्यात सांगितले आहेत. नोंदणीसाठी ‘भारतीय मूळ’ ही अट असून अर्जदार स्वतः, त्याच्या मातापित्यांपैकी कोणी अथवा आजाआजींपैकी कोणी अविभाजित भारतात जन्मलेले असल्यास ती पूर्ण होई. त्यामुळे आजोबांचे जन्मगाव हाही अर्जातील महत्त्वाचा रकाना बनला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि तत्कालीन चांदा जिल्ह्यात (आज गडचिरोली जिल्ह्यात मोडणाऱ्या भागात) वसविलेल्या बंगाली कुटुंबांचा या तरतुदीशी निकटचा संबंध आला. अधिनियमाच्या कलम १४ अन्वये शासन नोंदणीचा अथवा नागरिकीकरणाचा अर्ज कारणे न देता नाकारू शकते. आपले कोणते उत्तर बाधले, हे अर्जदारास त्यामुळे पुष्कळदा कळतही नाही.

उत्तरांचा उपयोग हेतूचा पुरावा म्हणूनही होतो. स्वातंत्र्यापूर्वी भारतात आलेल्या मुहंमद रझा देबस्तानी या इराणी गृहस्थाने अनुच्छेद ५ खाली आपण भारताचे नागरिक झालो असल्याचा दावा केला होता. तथापि त्याने परकीय म्हणून नोंदणी केली होती आणि वेळोवेळी निवासाची मुदत वाढवून मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये त्याचा दावा अमान्य केला. भारतातच कायम राहण्याचा हेतू त्याच्या वर्तनातून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. अधिवास हा हेतूवर अवलंबून असल्यामुळे येथे जुन्या अर्जांतील शब्दांना वजन आले. जेथे कायद्याने हक्क जन्मापासूनच दिला आहे, तेथे मात्र अशा शब्दांना ते वजन उरत नाही, हे पुढे दिलेल्या तिबेटी उदाहरणावरून दिसून येईल.

गोव्यातील विकल्प : निवडीच्या प्रश्नाचे ठळक उदाहरण गोव्यात आढळते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण व दीव हे प्रदेश मुक्त झाल्यावर केंद्र शासनाने २८ मार्च १९६२ रोजी नागरिकत्वविषयक आदेश काढला. ज्या व्यक्तीचा, तिच्या मातापित्यांपैकी अथवा आजाआजींपैकी कोणाचा २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशांत जन्म झाला होता, ती व्यक्ती त्या तारखेपासून भारतीय नागरिक मानली गेली. यासाठी अर्जाची आवश्यकता नव्हती. मात्र पूर्वीचे नागरिकत्व ठेवू इच्छिणाऱ्यास एक महिन्याच्या आत प्रशासकाकडे तसे लेखी घोषणापत्र देण्याची मुभा होती.

मोंतेरो या कॅथलिक धर्मगुरूंनी २७ एप्रिल १९६२ रोजी असे घोषणापत्र देऊन पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले. त्यानंतर त्यांची परकीय म्हणून नोंद झाली व त्यांना वास्तव्याचा मुदतबंद परवाना मिळाला. १३ नोव्हेंबर १९६४ रोजी मुदत संपल्यावर त्यांनी ती वाढवून घेतली नाही. तेव्हा परकीय व्यक्ती अधिनियमाखाली त्यांच्यावर खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. युद्धाने व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशास बाहेर घालविता येत नाही, या जिनीव्हा करारातील तत्त्वाचा त्यांच्या वतीने आधार घेण्यात आला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. लष्करी व्याप्ती प्रदेशाच्या सामीलीकरणाबरोबर संपली होती आणि मोंतेरो यांनी स्वेच्छेने विकल्प स्वीकारला होता. ज्या भूमीत आयुष्य गेले तेथेच एका कागदावरील उत्तरामुळे ते परकीय ठरले. ते उत्तर केवळ वर्णन नसून कायद्याने देऊ केलेली निवड होती, हे या निर्णयाचे मर्म होय.

गोव्यातील प्रश्न येथेच संपला नाही. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तथापि २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बन येथील मध्यवर्ती दप्तरात जन्मनोंद करून पोर्तुगीज राष्ट्रीयत्व सिद्ध करण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने खुली राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात नोकरीव्यवसाय करू इच्छिणाऱ्या अनेक गोमंतकीयांनी ती स्वीकारली. भारतीय अधिनियमाच्या कलम ९ अन्वये जो नागरिक अन्य देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपुष्टात येते. अन्य देशाचे पारपत्र घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानावा असा नियम आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझार अहमद खान खटल्यात वैध ठरविला. पारपत्र न घेता केवळ लिस्बनला जन्म नोंदविणे हे वर्णन की निवड, हा मात्र वादाचा विषय बनला. नोंद करणारा म्हणतो, की आजोबांचा जन्म कोठे झाला एवढेच आपण कळविले. प्रशासनाच्या दृष्टीने तो परकीय राष्ट्रीयत्वाचा स्वीकार असतो. निवडणुकीतील उमेदवारी आणि मतदारयादी यांपर्यंत हा वाद पोहोचला. त्यामुळे ‘अन्य देशाचे नागरिकत्व कधी घेतले होते काय?’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना अनेक गोमंतकीय कुटुंबांना आपले आजचे हक्क पणाला लागल्याचा अनुभव आला.

जन्मस्थान व भंडारा जिल्हा : वर्णनाच्या प्रश्नांत जन्मस्थानाचा प्रश्न सर्वांत सोपा मानला जातो, पण सत्तांतरे व जिल्ह्यांची पुनर्रचना यांमुळे तोही गुंतागुंतीचा होतो. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात वरठी हे गाव मुंबई–हावडा लोहमार्गावर असून तेथील स्थानकाचे नाव मात्र ‘भंडारा रोड’ आहे. वरठीस १९४० मध्ये जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश हिंदुस्थानातील मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात जन्मली. १९५० पासून तेच गाव मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात मोडू लागले. चार वेगवेगळ्या कागदांवर चार प्रकारे लिहिलेले जन्मस्थान अशा वेळी चारही ठिकाणी खरे असू शकते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. तेव्हापासून पूर्वेकडील तालुक्यांत आधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर एक जिल्हा आणि राहत्या पत्त्यात दुसरा, अशी स्थिती उद्भवली.

याच पूर्व भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडजवळ, १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची ‘नोर्ग्येलिंग’ ही वसाहत स्थापन झाली. आज ती गोंदिया जिल्ह्यात असली, तरी तिबेटी लोकांत ती अद्यापि ‘भंडारा’ या नावानेच ओळखली जाते. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतर त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांच्यासाठी कर्नाटक, ओरिसा, मध्य प्रदेश इ. राज्यांत शेतीप्रधान वसाहती उभारण्यात आल्या; त्यांच्याच मालिकेत महाराष्ट्रातील ही वसाहत येते. वसाहतीतील प्रौढ व्यक्तींकडे परकीय म्हणून केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र असते. त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. परदेशप्रवासासाठी पारपत्राऐवजी ‘ओळख प्रमाणपत्र’ दिले जाते. या दोन्ही कागदांवर धारकाचा उल्लेख तिबेटी असाच असतो.

येथे कायदा आणि कागद यांच्यात विसंगती निर्माण झाली. अधिनियमाच्या कलम ३ अन्वये २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, मातापिता कोणत्याही देशाचे असोत, जन्माने भारतीय नागरिक ठरते. परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांची अपत्ये यांसारखे मोजके अपवाद त्यास आहेत. १ जुलै १९८७ पासून मातापित्यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला, अशी अट आली. म्हणजे वसाहतीतील घरात १९८६ मध्ये जन्मलेली थोरली बहीण जन्माने भारतीय आणि १९८८ मध्ये जन्मलेला धाकटा भाऊ परकीय, असा भेद केवळ तारखेमुळे पडू शकतो. थोरलीच्या हातातही परकीयाचेच नोंदणी प्रमाणपत्र असे. कारण वयात आल्यावर ते घेणे हीच वसाहतीतील रूढ पद्धत होती.

दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी नामग्याल डोलकर खटल्यात या विसंगतीचा निर्णय केला. हिमाचल प्रदेशातील कांग्रा येथे १९८६ मध्ये जन्मलेल्या अर्जदार स्त्रीस पारपत्र नाकारण्यात आले होते. ओळख प्रमाणपत्र घेताना तिने स्वतःस तिबेटी म्हटले होते, हा तिच्याविरुद्धचा एक मुद्दा होता. न्यायालयाने असे ठरविले, की जन्माने मिळालेले नागरिकत्व अशा वर्णनाने सोडून दिले असे होत नाही. ‘राष्ट्रीयत्व तिबेटी’ या शब्दांना नागरिकत्व अधिनियमाच्या दृष्टीने तसा अर्थ नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तशीच भूमिका घेतली. २०१४ मध्ये निर्वाचन आयोगाने उपरोक्त काळात भारतात जन्मलेल्या तिबेटी निर्वासितांच्या अपत्यांची नावे मतदारयादीत घेण्याविषयी सूचना दिल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा पारपत्रे देण्याचा आदेश दिला.

या निर्णयांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले, पण दुसरा उभा केला. २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र मागणाऱ्या तिबेटी अर्जदारांवर अटी घातल्या : नोंदणी प्रमाणपत्र व ओळख प्रमाणपत्र परत करावे, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडाव्यात आणि नियत तिबेटी वसाहतीत वास्तव्य करू नये. ज्याचे घर, शेत, विहार व आप्त वसाहतीतच आहेत, त्यास ‘आपण भारतीय नागरिक आहात काय?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणण्याची किंमत अशा रीतीने घर सोडण्याइतकी झाली. तिबेटी समाजातही याविषयी दोन मते दिसून येतात. नागरिकत्व घेतल्याने शिक्षण, नोकरी, मालमत्ता व प्रवास यांतील अडचणी दूर होतात, असे एक मत. निर्वासित ही ओळख तिबेटच्या प्रश्नाची साक्ष असल्याने ती जपावी, असे दुसरे. जे प्रश्नपत्र कायद्याने वर्णनाचे होते, ते व्यवहारात पुन्हा निवडीचे बनले.

नागरिकत्व (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने अफगाणिस्तान, बांगला देश व पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी नागरिकीकरणाची वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाचावर आणली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. तिबेटमधून आलेल्यांचा समावेश त्यात नाही. या नियमांतही मूळ देश, धर्म आणि प्रवेशाची तारीख यांचे कागदोपत्री उत्तर हाच अर्जाचा गाभा आहे.

परदेशांतील भारतीय : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९०६ च्या अधिनियमानंतर अराजकवाद, बहुपत्नीकत्व इत्यादींविषयीचे प्रश्न अर्जदारास विचारले जाऊ लागले, पण भारतीयांच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रश्न वंशाचा होता. त्या काळी ‘गौरवर्णी मुक्त व्यक्ती’ आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांनाच तेथे नागरिकीकरण मिळे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने गौरवर्णी मानले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सामान्य माणसाच्या समजुतीनुसार ते गौरवर्णी नाहीत, असे म्हणून नाकारले. त्यानंतर पूर्वी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. सखाराम गणेश पंडित या वकिलांचे १९१४ चे नागरिकत्वही तीत सापडले. तथापि १९२६ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम राखले. पंडितांनी सर्व वस्तुस्थिती न्यायालयापुढे मांडली होती, शासनाचा अधिकारी सुनावणीस हजर होता व त्या निर्णयाविरुद्ध अपील झाले नव्हते. त्यामुळे तोच मुद्दा पुन्हा उकरून काढता येत नाही, असे ठरले. १९४६ मध्ये भारतीयांवरील हा निर्बंध उठला.

पुढील काळात परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वेगळ्या अडचणी आल्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ पूर्वी खेड्यांतील पुष्कळ जन्म नोंदलेच जात नसत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख शिक्षकाने अंदाजाने घातलेली असे. मधले नाव पित्याचे, विवाहानंतर पतीचे, आणि अनेक घरांत वधूचे पाळण्यातील नावही बदलण्याची चाल असल्यामुळे ‘यापूर्वी वापरलेली अन्य नावे’ या रकान्यात एकाच स्त्रीची दोनतीन पूर्ण नावे लिहावी लागतात. सत्याग्रहातील वा संपातील अटक, मागे घेतलेला खटला आणि राजकीय पक्षाचे सभासदत्व यांविषयीचे प्रश्न हेही असेच. भारतात जी अटक अभिमानाने सांगितली जाते, तीही परदेशी अर्जात अटक म्हणूनच नमूद करावी लागते.

असत्य व त्याचे परिणाम : भारतात कलम १७ अन्वये जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कारावास होई, आता ती मर्यादा पाच वर्षे असून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. कलम १० नुसार नोंदणीने वा नागरिकीकरणाने मिळालेले नागरिकत्व कपटाने, असत्य कथनाने किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळविले असल्यास काढून घेता येते. जन्माने नागरिक असलेल्यास हे कलम लागू नाही. ‘महत्त्वाची’ हा शब्द येथे निर्णायक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मासलेन्याक खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले : अर्जातील प्रत्येक असत्यामुळे नागरिकत्व जात नाही, त्या असत्याचा नागरिकत्व मिळण्याशी कार्यकारणसंबंध असला पाहिजे.

या सर्व निर्णयांतून एक सूत्र निष्पन्न होते. वस्तुस्थिती पूर्णपणे सांगणे हे अर्जदाराचे कर्तव्य होय. तिचा कायदेशीर अर्थ लावणे हे अधिकाऱ्याचे व अंतिमतः न्यायालयाचे काम होय. पंडित यांचे नागरिकत्व संपूर्ण प्रकटीकरणामुळे टिकले; नामग्याल डोलकर यांचे हक्क चुकीच्या वर्णनाने बाधित झाले नाहीत; मोंतेरो यांना मात्र आपल्या निवडीपासून मागे येता आले नाही. म्हणूनच अर्जाचा नमुना तयार करणाऱ्या प्रशासनावरही एक जबाबदारी येते : ज्या उत्तराने हक्क जाऊ शकतो, तो प्रश्न निवडीचा आहे हे अर्जदारास स्पष्टपणे कळविले पाहिजे. परकीय व्यक्तींविषयीचे १९३९ व १९४६ चे अधिनियम रद्द होऊन त्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून स्थलांतर व परकीय व्यक्ती अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मधील जन्मतारखांचे टप्पे मात्र त्यामुळे बदललेले नाहीत.